अंगणवाडीतलं ‘अंगण’ कुठून आलं

अंगणवाडी हा शब्द आता इतका सरकारी झालाय की त्यात एक अंगण आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. शब्द ऐकला की डोळ्यांपुढे एक खोली येते: भिंतीवर रंगवलेली फळं-फुलं, कोपऱ्यात वजनकाटा, मागच्या बाजूला शिजणारी खिचडी. पण मुळात ते अंगण कुणाच्या तरी घरापुढचं, खरंखुरं अंगण होतं. मुलं शाळेपर्यंत येत नव्हती म्हणून शाळा त्यांच्या दारात गेली होती. मी बरीच वर्षं सेविकांच्या प्रशिक्षणात काम केलं. ‘पालक सहभाग’ हा विषय जणू काल-परवा कुणीतरी शोधून काढलाय, अशा थाटात तिथं शिकवला जातो. तेव्हा दर वेळी वाटतं, या बायांना आपल्याच शब्दाची गोष्ट आधी सांगायला हवी.

गोष्ट सुरू होते भावनगरला. गिजुभाई बधेका हे वकील. स्वतःला मूल झाल्यावर ते मुलांच्या शिक्षणाकडे वळले, इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरी बाईंचं लिखाण वाचून पेटून उठले आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई म्हणत. काही वर्षांनी ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. पदवीधर, राजकोटला मुख्याध्यापिका राहिलेल्या, संसार मोडल्यावर एकटीच्या हिमतीवर मुलगी वाढवणाऱ्या ताराबाई. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघे, पुढे मराठीतही निघू लागली.

ही पत्रिका शिक्षकांइतकीच आईबापांसाठी होती. ‘छडी लागे छमछम’ हे ज्या काळात सगळ्यांना पटलेलं होतं, त्या काळात ही माणसं सांगत होती की मुलाला मारू नका, बागुलबुवाची भीती घालू नका, त्याचं त्याला जेवू द्या, सांडलं तर सांडू द्या. शाळेत मुलाला हाताने काम करू द्यायचं आणि घरी आजीने घास भरवायचा, असं दोन्हीकडे दोन तऱ्हांनी चाललं तर मूल गोंधळतं, हे त्यांनी पहिल्या काही वर्षांतच ओळखलं होतं. म्हणजे बालशिक्षण आणि पालकांशी बोलणं हे आपल्याकडे एकाच वेळी, एकाच घरात जन्मलं.

पण हे बोलणं वाचता येणाऱ्या आणि फी भरू शकणाऱ्या आईबापांशी होतं. ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं, तिथेही येणारी मुलं साधारण त्याच थरातली. माँटेसोरीची साधनं महाग, बाई प्रशिक्षित, वर्ग टापटिपीचा. खेड्यातलं मूल या चित्रात कुठेच नव्हतं. त्याच सुमारास सेवाग्रामला नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचा गांधीजींचा विचार रुंदावत होता. १९४५च्या जानेवारीत गांधीजींनी तिथल्या परिषदेत शिक्षण जन्मापासून मरणापर्यंत चालतं, अशी मांडणी केली आणि शाळेच्या वयाआधीची मुलंही त्या विचारात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या.

त्यांच्याबरोबर गेल्या त्या अनुताई वाघ. मूळच्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. मग शिकून पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका. १९४५ साली बोरिवलीला एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली. खेड्यात जाऊन लहान मुलांचं काम करायला त्यांना माणूस हवा होता, आणि या पक्की नोकरी सोडून निघाल्या. १९९२ साली तिथल्याच कोसबाडला त्यांचं निधन झालं. मधली ४७ वर्षं त्याच डहाणूच्या पट्ट्यात.

या पट्ट्यातल्या कुटुंबांविषयी इथे थांबून सांगितलं पाहिजे, त्याशिवाय अंगणाचा अर्थ कळायचा नाही. बोर्डी समुद्राकाठचं गाव, चिकूच्या वाड्या, शिकलेला, खाऊनपिऊन सुखी समाज. गावाच्या कडेला दलित वस्ती. आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. वारली माणूस सावकाराच्या आणि जमीनदाराच्या वेठीला बांधलेला. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्या घरची राबणारी होत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५च्या मे महिन्यात झरी इथे वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्धचा लढा पेटला. बोर्डीचं बालशिक्षण केंद्र निघालं ते याच वर्षी, याच मुलखात. पांढऱ्या कपड्यांतलं माणूस पाड्यावर आलं तर ते काहीतरी घेऊन जायलाच आलेलं असतं, हा तिथल्या आईबापांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. आता अशीच पांढऱ्या लुगड्यातली बाई येऊन म्हणते, मूल माझ्याकडे द्या. का द्यावं?

गावातल्या बालवाडीत वस्तीवरची मुलं येईनात. बोलावून येईनात, आणायला माणूस पाठवला तर दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी गायब. कारणं अगदी साधी होती. आई भल्या पहाटे कामावर गेलेली, मुलाला आवरून पाठवायला घरात कुणी नाही. अंगावर धड कपडा नाही. वाट सवर्णांच्या आळीतून जाणारी. तेव्हा या बायांनी उलटा विचार केला. मूल येत नाही ना, मग आपण जाऊ. वस्तीतल्याच एका अंगणात त्यांनी मुलं जमवली. शिंपले, गोटे, बिया, पानं, बांबूचे तुकडे हीच साधनं. आधी हातपाय, तोंड, केस, नखं, मग गाणी-गोष्टी, मग हाताची कामं. यालाच ताराबाई अंगणवाडी म्हणू लागल्या.

अंगणात शाळा भरली की काय होतं, ते मी पाड्यांवर स्वतः पाहिलंय. दाराशी सूप घेऊन बसलेली म्हातारी तांदूळ पाखडता पाखडता सगळं ऐकत असते. मुलांचं गाणं चुकलं की तीच मधे बोलते. कामावर न गेलेला बाप खाटेवर पडल्या पडल्या बघतो, आपलं पोर बिया मोजतंय. बाईला त्या घरात किती माणसं, कुणाचा खोकला थांबत नाही, कोणत्या घरी चूल पेटलेली नाही, हे विचारावं लागत नाही. पालकसभेची नोटीस काढायची गरजच उरत नाही, कारण पालक तिथेच असतात. आणि बाईही सतत त्यांच्या नजरेखाली असते, हे फार मोलाचं. ती मुलावर खेकसली तर आईला दिसतं. परक्या घरच्या अंगणात आपण पाहुणे असतो. पाहुण्याने वागायचं तसंच मग वागावं लागतं.

१९५०च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे अजून दोन गोष्टी घडल्या. गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागला, ती कुरणशाळा. आणि पाड्यावरची मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. आठ-नऊ वर्षांच्या पोरीने तान्ह्याला पाळणाघरात ठेवायचं, तिसऱ्या भावंडाला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः पाटी घेऊन बसायचं. शिकवण्याची पद्धत त्या घरच्या दिवसाला जोडून घेतलेली. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शहाणपणा वाटतो. मूल शाळेत का येत नाही, याचं उत्तर त्यांनी आईबापांच्या अडाणीपणात शोधलं नाही. ते त्यांनी आईबापांच्या वेळापत्रकात शोधलं.

एक गोष्ट मात्र खटकते. स्वच्छता, वळण, संस्कार या शब्दांवर त्या काळच्या बालशिक्षणाचा फार भर होता. दुसऱ्याच्या मुलाला आंघोळ घालणं हे प्रेमाचं काम आहे, पण त्या मुलाच्या आईला ते टोमण्यासारखंही लागू शकतं. वारली घराकडे स्वतःची चित्रं, गाणी, झाडापाल्याचं ज्ञान, जंगलात मूल वाढवायची रीत होती. बाई आईला शिकवते, आई बाईला काय शिकवते, हा प्रश्न पुरेसा विचारला गेला असं मला वाटत नाही. पुढच्या पिढीने तो अधिक विचारला. १९८०च्या दशकात याच भागात ग्राममंगल या संस्थेचं काम उभं राहिलं. रमेश पानसे त्यातले एक. तिथे मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात मानाची जागा मिळाली.

देशाने हा शब्द उचलला तो २ ऑक्टोबर १९७५ रोजी. एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आरोग्य आणि आहाराचं शिक्षण, शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एका बाईच्या हाती. ती बाई त्याच गावची असली पाहिजे, हा नियम फार चांगला होता. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण अंगणातून निघून शाळा पुन्हा खोलीत शिरली, आणि खोलीत सर्वांत आधी आली ती नोंदवही. सहा सेवांतलं शिकवणं मागे पडलं. ‘खाऊची शाळा’ असं लोक म्हणू लागले आणि सेविकांच्या मनाला ते फार लागतं.

गृहभेट मात्र कागदावर तरी राहिली, आणि ती मनापासून झाली तर काय होतं ते मला एका चुकीतून कळलं. चूक माझी होती. एका पाड्यावर वजनं घेताना, सगळ्या बायांसमोर मी एका आईला म्हणाले, “बाय, तुझं पोर पिवळ्यात आलंय, लक्ष दे.” वाढीच्या तक्त्यात हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे असतात. पिवळा म्हणजे वजन कमी. ती काही बोलली नाही. पोराला कडेवर घेतलं आणि निघाली. पुढच्या महिन्यात आलीच नाही. तिथली सेविका मला म्हणाली, “ताई, तुम्ही तिला चारचौघीत आई म्हणून नापास केलंत.” मग आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. सेविकेने वजनाचा विषयच काढला नाही. चुलीपाशी बसली, कोरा चहा घेतला, पोर रात्री झोपतं का, दात येतायत का, सासूचा पाय कसा आहे, असं बोलत राहिली. उठायच्या वेळी आईच म्हणाली, “हा जेवतच नाय, काय करू?” तिथून पुढे पेज, अंडं, तेलाचा चमचा, सगळं बोलणं झालं. त्या सेविकेने हे कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. सहा सेवांच्या कोणत्याच रकान्यात ते लिहायची सोय नाही.

शहरात याच काळात नेमकी उलटी दिशा धरली गेली. इंग्रजी माध्यमाचं वेड वाढलं, तीन वर्षांच्या मुलाच्या मुलाखती सुरू झाल्या, बरोबर आईबापांच्याही. बापाचं शिक्षण, आईचं इंग्रजी, घर कुठे, पगार किती. घराच्या अंगणात जाणारी शाळा आता घरालाच फाटकाबाहेर रांगेत उभं करू लागली. १९९३ साली यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्यावरच्या अहवालात या प्रवेश मुलाखती बंद करा असं स्पष्ट सांगितलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई केली. त्या रांगेतल्या आईबापांना मी दोष देत नाही. ते घाबरलेले होते आणि आहेत. पण नात्याची सुरुवातच परीक्षेने झाली की पुढे डायरीतल्या शेऱ्यांपलीकडे ते नातं सहसा जात नाही. मुंबईत १९९०च्या दशकात प्रथम या संस्थेने वस्त्यांतल्या घरांत, देवळांत, मिळेल त्या जागेत, वस्तीतल्याच तरुण मुलींच्या हाती बालवाड्या दिल्या, तेव्हा अंगणाचा धागा पुन्हा जुळला होता.

आता सेविकेच्या हातात मोबाइल आहे. २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी फोन परत केले, त्यामागे नोंदी भरायच्या, पण मराठी नसलेल्या ॲपचाही राग होता. मानधनासाठी त्या २०२३च्या डिसेंबरपासून जवळपास दोन महिने संपावर होत्या. मी त्या काळात ज्या वस्त्यांवर गेले तिथे आया विचारत, “बाई कधी येणार?” गृहभेटीत हल्ली निम्मा वेळ फोटो चढवण्यात जातो. रेंज नसली की सेविका दारात हात उंच करून उभी, आणि आई आत वाट बघत बसलेली.

आणि सर्वांत अवघड प्रश्न अजून तसाच आहे. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, वसई, भिवंडीकडे. लहान मुलं अर्थातच बरोबर. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. कुरणशाळेचीच ही पुढची पायरी, मूल जाईल तिथे शाळा. सरकारी नोंदीत मात्र ते मूल ‘स्थलांतरित’ या एका शब्दात मावतं. माझ्या ओळखीची एक सेविका निघण्याआधी प्रत्येक आईला एक कागद देते. त्यावर मुलाचं नाव, घरात हाक मारतात ते नाव, शेवटचं वजन, झालेल्या लसी आणि स्वतःचा फोन नंबर. भट्टीजवळच्या अंगणवाडीत दाखव म्हणून सांगते. दहातले किती कागद तिथवर पोचतात तिला माहीत नाही. गेल्या वर्षी एका भट्टीवरून फोन आला होता. पलीकडची सेविका विचारत होती, “ताई, हा पोरगा रडायचा थांबत नाही, याला कोणतं गाणं आवडतं?”