मानेतले आयोडीन मोजताना

थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथीत साचलेले आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन बाहेरून मोजता येते, कारण त्याच्या विघटनातून मुख्यतः ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात आणि त्यांपैकी बरेचसे त्वचेतून आरपार जाऊन मानेसमोरच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचतात. यंत्र मात्र फक्त स्पंद, म्हणजे किरण आदळल्याच्या नोंदी, मोजते. ग्रंथीत किती बेकेरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकेरेल) आयोडीन आहे, हे त्यावरून ठरवावे लागते.

समजा, एका मिनिटात ४८४ स्पंद नोंदले गेले आणि त्यांतले ४०० नेहमीच्या पार्श्वभूमी किरणोत्साराचे आहेत. उरलेले ८४ आयोडीनचे म्हणावेत, तर विघटन यदृच्छेने होत असल्यामुळे त्यांत सुमारे ३० स्पंदांची अनिश्चितता राहते. हीच मोजणी दहा मिनिटे केली, तर ३५ टक्क्यांची अनिश्चितता ११ टक्क्यांवर येते. ही त्रुटी वेळ देऊन कमी करता येते, म्हणूनच मला ती सर्वांत कमी चिंतेची वाटते.

खरी अडचण मानेच्या ठेवणीत आहे. ग्रंथी त्वचेखाली किती खोल आहे, हे व्यक्तीगणिक बदलते. डिटेक्टर मानेला जवळजवळ टेकवला आणि ग्रंथीपर्यंतचे अंतर दोनऐवजी तीन सेंटिमीटर निघाले, तर ढोबळ हिशेबाने नोंद निम्म्याहूनही कमी होते. तोच डिटेक्टर दहा सेंटिमीटर दूर ठेवला, तर एवढ्याच फरकाने साधारण १५ टक्के घट होते, पण मग स्पंदच कमी मिळतात. यंत्राचे अंशांकन, म्हणजे किती स्पंदांना किती बेकेरेल हे ठरवणे, प्लॅस्टिकच्या कृत्रिम मानेवर करतात आणि त्यात आयोडीनऐवजी अनेकदा बेरियम-१३३ वापरतात, कारण त्याची गॅमा किरणांची ऊर्जा, ३५६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, आयोडीनच्या जवळची असून ते वर्षानुवर्षे टिकते. प्रौढाची ग्रंथी सुमारे २० ग्रॅमची, तर वर्षभराच्या बाळाची जेमतेम दोन ग्रॅमची असते. त्यामुळे प्रौढाच्या मानेवर बेतलेले अंशांकन बाळासाठी वापरणे मुळीच योग्य नाही.

जपानमधील फुकुशिमा अणुवीज प्रकल्पाच्या दुर्घटनेनंतर मार्च २०११च्या अखेरीस १,०८० मुलांच्या मानेपाशी सुटसुटीत सर्व्हेमीटरने मोजणी झाली. पार्श्वभूमी वजा करून ताशी ०.२ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) ही मर्यादा ठरवली होती आणि एकही मूल तिच्यापुढे गेले नाही. ग्रंथीला मिळालेली मात्रा काढायला मात्र आयोडीन शरीरात कधी गेले हेही कळावे लागते, कारण आयोडीन-१३१ साधारण आठ दिवसांत निम्मे होते: आजची नोंद तीच असली, तरी ते काल न जाता आठ दिवसांपूर्वी गेले असेल, तर मूळ प्रमाण सुमारे दुप्पट ठरते.