दुर्मिळ मृदा धातूंच्या साठ्यांचे आकार आणि त्यांचा उगम

दुर्मिळ मृदा धातू हा सेरिअम, थुलिअम यांसारख्या, एकमेकांशी गुणधर्मांत जुळणाऱ्या धातूंचा गट. नाव दुर्मिळ असले तरी भूकवचात सेरिअमचे प्रमाण जवळपास तांब्याइतके आहे आणि त्याच गटातील बरेच विरळ असलेले थुलिअमही चांदीपेक्षा अधिक आढळते. तरीही ही मूलद्रव्ये खाणकाम परवडेल इतकी एकवटलेली अशा जागा जगात मोजक्याच आहेत. ती एका ठिकाणी कशी साचली, याची बरीचशी उकल त्या साठ्याच्या आकारावरून होते.

या धातूंच्या आयनांवर बहुधा तीन धन प्रभार असतात आणि नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकजालात बसण्याच्या मानाने ते आकाराने मोठे असतात. त्यामुळे प्रावरणातील, म्हणजे भूकवचाखालच्या थरातील, खडक थोडासा वितळू लागला की ते आधी वितळलेल्या रसात उतरतात, आणि पुढे तो रस थंड होऊन त्यातून ऑलिव्हिन किंवा फेल्डस्पार तयार होऊ लागले तरी उरलेल्या रसातच राहतात. वितळण्याचे प्रमाण जितके कमी, तितका रस या धातूंनी अधिक समृद्ध. कार्बोनेटाइट हा निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजे असलेला अग्निज खडक अशाच रसातून घडतो. हा रस अतिशय पातळ असल्याने तो भेगांतून सहज वर चढतो आणि नळ्या, भित्ती व कडी अशा आकारांत गोठतो. गुजरातमधील अंबाडोंगर येथील कार्बोनेटाइट कड्याच्या आकाराचा आहे, तर कॅलिफोर्नियातील माउंटन पास येथील सुमारे १४० कोटी वर्षे जुना साठा तिरक्या जाड पाट्यासारखा जमिनीत शिरलेला आहे. तेथे बॅस्टनेसाइट या दुर्मिळ मृदा धातू असलेल्या खनिजाचे पिवळसर तपकिरी स्फटिक कॅल्साइट आणि बराइटमध्ये जडलेले दिसतात. चीनमधील बायान ओबो हा सर्वांत मोठा साठा मात्र डोलोमाइट या कार्बोनेट खडकातील भिंगाकार पट्ट्यांचा आहे. नंतरच्या उष्ण द्रावांनी आणि भूहालचालींनी त्याचे मूळ रूप इतके पालटले आहे, की त्याच्या उगमाबद्दल भूवैज्ञानिकांमध्ये अनेक दशके वाद चालला. म्हणजे आकाराची साक्ष नेहमीच उलटतपासणीत टिकते असे नाही.

सोडिअमने समृद्ध शिलारस मोठ्या कोठीत सावकाश थंड झाला, तर साठा थरांच्या रूपाने तयार होतो. ग्रीनलंडमधील इलिमाउसाक येथे काळा, लाल आणि पांढरा असे थर खालून वर त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. त्यांतील लाल थराला रंग देणाऱ्या युडिअलाइट या खनिजात दुर्मिळ मृदा धातू असतात. मात्र आम्लात विरघळवताना त्यातील सिलिका चिकट जेल बनवते, म्हणून हा साठा डोळ्यांना जितका सुखद, तितकाच प्रक्रियेला अवघड.

पाण्याचे काम याहून संथ असते. ऑस्ट्रेलियातील माउंट वेल्ड येथे कार्बोनेटाइटमधील कार्बोनेट विरघळून गेले आणि मागे उरलेल्या जांभ्याच्या टोपीत धातूंचे प्रमाण वाढत गेले. दक्षिण चीनच्या टेकड्यांवर ग्रॅनाइट कुजून माती झाली. तेथे वरच्या थरातील आम्लयुक्त पाणी धातू सुटे करते आणि खाली, जेथे आम्लता कमी होते, तेथे ते आयन केओलिनाइट व हॅलोयसाइट या चिकणमातीच्या कणांना चिकटतात. म्हणून सर्वांत समृद्ध पट्टा पृष्ठभागावर नसून काही मीटर खाली असतो आणि उताराच्या वळणाने जातो. धातूंचे प्रमाण बहुधा ०.०५ ते ०.२ टक्के, म्हणजे माउंटन पासच्या तुलनेत नगण्य. पण खडक न फोडता अमोनिअम सल्फेटच्या द्रावणाने ते धुऊन काढता येतात आणि मूळ ग्रॅनाइट तसा असेल तर डिस्प्रोसिअम, टर्बिअमसारखे या गटातील जड धातूही मिळतात. हे द्रावण भूजलात झिरपते, ही त्या सोयीची किंमत.

समुद्रकिनाऱ्यावरील साठे अरुंद, लांबट पट्ट्यांचे असतात. दुर्मिळ मृदा धातू असलेले मोनाझाइट हे खनिज पाण्याच्या सुमारे ५ पट घन, तर साध्या वाळूतील क्वार्ट्‌झ २.६५ पट घन असल्याने लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागे राहतात. केरळमधील चवरा आणि तमिळनाडूतील मनवलकुरिची येथील काळसर वाळू अशीच साचली. मोनाझाइटच्या जालात थोरिअमही सहज सामावते, त्यामुळे ही वाळू उपसणे सोपे असले तरी धातू वेगळे करताना किरणोत्सारी अवशेषांची व्यवस्था लावावीच लागते.