सागातला सिकाडा आणि कपाशीतला तुडतुडा

रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमारास मामांबरोबर किनवटहून माहूरला निघालो होतो. दुपारचे दोन वाजलेले, सागाला पान नाही, आणि सगळ्या रानातून एकच सलग, कर्कश आवाज. गाडी थांबवून खाली उतरलो तर तो आणखीच अंगावर आला. मामा म्हणाले, "ह्यो रातकिडा दिवसा कामून वरडायलाय?"

प्रश्न रास्त होता, कारण तो रातकिडा नव्हताच. तो सिकाडा होता. रातकिडा हा नाकतोड्यांच्या आणि टोळांच्या गोतातला. तो पंखावर पंख घासून किरकिरतो आणि खाणं कुरतडून खातो. सिकाडाला कुरतडणारे जबडे नाहीत, सोंड आहे, आणि गाताना तो पंख घासत नाही. मी म्हटलं, "मामा, हा तुमच्या कपाशीवरच्या तुडतुड्याचा भाऊबंद आहे." त्यांना ते पटलं नाही. तुडतुडा तीन मिलिमीटरचा, हिरवट, फवारणीच्या यादीतला. त्याचं आणि या अंगठ्याएवढ्या गवयाचं काय नातं?

नातं सोंडेचं आहे. आपल्याकडे कृषी सहायकापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे 'रसशोषक किडी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. किडा कसा दिसतो यापेक्षा तो खातो कसा, हे त्यात आधी येतं, आणि कीटकशास्त्रही इथे तसंच बघतं. कपाशीवरचा मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, बोंडावरचा लाल ढेकण्या, उसावरचा पायरिला, आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे हे सगळे हेमिप्टेरा या एकाच गणातले. खाटेतला ढेकूणही त्यातलाच, आणि बांगड्यांची लाख देणारा लाखेचा किडाही. जगात या गणाच्या ८० हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत, त्यांत सिकाडाच्या तीन हजारांवर. शेतकऱ्याच्या यादीतले फुलकिडे तेवढे या गोतात बसत नाहीत, त्यांचा गण निराळा.

ही सोंड नीट बघण्यासारखी आहे. इतर किड्यांत जे जबडे चावण्याचं काम करतात, ते इथे ताणले जाऊन केसासारख्या चार सुया झाल्या आहेत. मधल्या दोन सुया एकमेकींत अडकून दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ झाडात जाते, दुसरीतून रस वर येतो. या सुयांना बाहेरून सोंडेची म्यान असते.

सोंड कुठून निघते, त्यावरून या गणाच्या मोठ्या शाखा ओळखता येतात. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांची सोंड पुढच्या पायांच्या मधून, छातीतूनच निघाल्यासारखी दिसते. सिकाडा, तुडतुडे, पायरिला यांची डोक्याच्या मागून, मानेपाशी. खाटेतला ढेकूण आणि लाल ढेकण्या यांची डोक्याच्या पुढच्या टोकाला. हेमिप्टेरा म्हणजे 'अर्धपंखी'. हे नाव खरं शोभतं ते लाल ढेकण्याला, कारण त्याचा पुढचा पंख अर्धा चिवट आणि अर्धा पातळ असतो. सिकाडाचे पंख सबंध काचेसारखे, पाठीवर छपरासारखे उतरते मिटलेले. पूर्वी सिकाडा, तुडतुडे आणि मावा यांना मिळून एक वेगळा गण मानत. १९९० च्या दशकात डीएनए तपासल्यावर ती वाटणी मोडली.

ज्वारीवर चिकटा पडतो, तो माव्यामुळे. मावा झाडाच्या साखरवाहिनीत सोंड खुपसतो. तिथला रस गोड आणि दाबाखाली असतो, आपोआप वर येतो. नको असलेली साखर मावा बाहेर टाकतो, पानं चिकट होतात, मग त्यावर काळी बुरशी चढते. सिकाडा मात्र मुळाकडून वर जाणाऱ्या पाण्याच्या वाहिनीतून पितो. तिथे दाब नसतो, उलट ओढ असते, त्यामुळे रस जोर लावून उपसावा लागतो. त्याचं कपाळ फुगीर दिसतं ते आतल्या पंपाच्या स्नायूंमुळे. आणि त्या रसात जवळजवळ पाणीच असल्याने पोटापुरतं अन्न मिळवायला प्यावं फार लागतं. सिकाडांनी भरलेल्या झाडाखाली उभं राहिलं की अंगावर बारीक तुषार पडतात, ते हेच पाणी.

रस्त्याकडेच्या एका सागाच्या खोडावर मामांना कात दिसली. तपकिरी, कागदासारखी हलकी, पुढचे पाय खेकड्याच्या नांगीसारखे, पाठ उभी चिरलेली. चिरेतून पांढरे दोरे लोंबत होते. ते श्वासनलिकांचं अस्तर. कात टाकताना तेही निघून येतं. सिकाडाला फुलपाखरासारखा कोष नसतो. पिल्लू जमिनीखाली मुळांचा रस पीत काही वर्षं काढतं, त्या पायांनी माती उकरत वर येतं, खोडावर चढतं आणि पाठीतून मोठा किडा बाहेर पडतो. अमेरिकेत १३ आणि १७ वर्षांनी वर येणाऱ्या जाती आहेत. आपल्या मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात दर चार वर्षांनी येणारी एक जात आहे, तिला शास्त्रीय नाव मिळालं २०१३ मध्ये.

आता गाणं. ते फक्त नर गातो. त्याच्या पोटाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या वळ्या असलेला एकेक पापुद्रा असतो. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा तळ दाबला की टक् होतं, सोडला की पुन्हा टक्. आतला स्नायू तो पापुद्रा असाच ओढतो आणि सोडतो, सेकंदाला शेकडो वेळा, म्हणून आपल्याला टकटक न ऐकू येता सलग सूर येतो. नराचं पोट बरंचसं पोकळ असतं, आणि ते तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या काही जातींचा आवाज जवळून १२० डेसिबलच्या आसपास जातो.

हाच पापुद्रा तुडतुड्यालाही असतो. स्वीडनच्या फ्रेय ओसिआनिल्सन यांनी १९४९ मध्ये तुडतुड्यांच्या या ढोलवादनावर सविस्तर लिहिलं. तीन मिलिमीटरच्या अंगातून हवेत आवाज फेकणं जमत नाही, म्हणून तुडतुडा तो झाडात सोडतो. कंपनं देठातून, खोडातून जातात आणि त्याच झाडावरच्या मादीला पायांतून कळतात. ऑस्ट्रेलियात केसाळ सिकाडांच्या जुन्या घराण्यातल्या दोनच जाती उरल्या आहेत. त्या आकाराने मोठ्या असूनही तुडतुड्यासारख्याच फांदीतून बोलतात. दोन्हीकडचं वाद्य एकच, हे तिथे स्पष्ट दिसतं. इटलीत द्राक्षबागेच्या तारांतून कंपनं सोडून तुडतुड्यांच्या नर-मादीची गाठच पडू द्यायची नाही, असे प्रयोग झाले आहेत.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात मामांच्या रानात गेलो. कपाशी कमरेला आलेली, काही पानांच्या कडा पिवळ्या पडून मुरडलेल्या. मामांनी एक पान उलटं केलं आणि तुडतुडे नेहमीसारखे तिरके पळाले.

"ह्ये बी गायलेत व्हय?"

"गात असतील. झाडाच्या आतून."

मामांनी पान सोडलं, देठ दोन बोटांत हलकेच धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.