हस्तलिखिताचं फ्रीलान्स संपादन
लेखकाने स्वतःच्या खर्चाने, कुठल्याही प्रकाशनसंस्थेत पगारावर नसलेल्या संपादकाकडून आपलं लिखाण वाचून, तपासून, दुरुस्त करून छापण्याजोगं करून घेण्याची पद्धत. हस्तलिखित हा शब्द जुन्या सवयीने चालू राहिलाय, प्रत्यक्षात हातात येते ती बहुतेक वेळा वर्डची फाइल. कादंबरी, आत्मचरित्र, प्रबंध, अनुवाद, कंपनीचा इतिहास असं काहीही या कामात येतं.

नोकरीतला संपादक आणि फ्रीलान्स संपादक टेबलावर बसून करतात ते काम जवळपास सारखंच, फरक आहे तो कोण कोणाला बांधील आहे याचा. पगारी संपादक प्रकाशकाच्या बाजूने बोलतो, त्याला पुस्तक नाकारता येतं, विक्रीचा विचार त्याला करावाच लागतो. फ्रीलान्स संपादकाचा ग्राहक मात्र लेखक स्वतः, त्यामुळे तो सुचवतो, कारण देतो, आणि शेवटी ठेवायचं की काढायचं हे लेखक ठरवतो. या व्यवहारातले बहुतेक नियम आणि बहुतेक भांडणंही याच एका गोष्टीतून निघतात.

पूर्वपीठिका : याचं मूळ कुठे शोधायचं यावर एकमत नाही. काही जण थेट अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयापर्यंत मागे जातात. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला झेनोडोटस आणि त्याच्या साधारण शतकभरानंतरचा अ‍ॅरिस्टार्कस यांनी होमरच्या काव्याच्या प्रती तपासताना शंकास्पद ओळ खोडून न टाकता तिच्या शेजारी समासात आडवी रेघ मारायची पद्धत वापरली, म्हणजे संपादकाचं मत दिसतं आणि मूळ ओळही शाबूत राहते. तत्त्व म्हणून हे आजच्या ट्रॅक चेंजेसच्या, म्हणजे केलेला प्रत्येक बदल दाखवत ठेवणाऱ्या वर्डमधल्या सोयीच्या, फार जवळचं आहे, पण ही मंडळी राजाश्रयावर काम करणारी आणि लेखक तर केव्हाच मरून गेलेला, त्यामुळे फ्रीलान्स संपादनाची वंशावळ इथून सुरू करणं जरा ओढूनताणूनच होतं.

दुसऱ्या मताप्रमाणे हे मूळ छापखान्यातल्या करेक्टरमध्ये आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यात युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू झाल्यावर प्रूफ, म्हणजे तपासण्यासाठी काढलेली कच्ची छापील प्रत, मूळ प्रतीशी ताडून बघणारा शिकलेला माणूस लागायला लागला, आणि त्यात पोटासाठी हे काम धरलेले विद्वान, शिक्षक, विद्यार्थी बरेच होते. लाइपझिगमध्ये १६०८ साली हिएरोनिमस हॉर्नशुख या करेक्टरने 'ऑर्थोटिपोग्राफिया' हे छोटं लॅटिन पुस्तक काढलं, प्रूफ कसं तपासायचं आणि खुणा कशा करायच्या हे सांगणारं हे बहुधा पहिलंच स्वतंत्र पुस्तक मानतात. त्याची तक्रार आजच्या कुठल्याही संपादकाला ओळखीची वाटेल : लेखक गिचमिड, अर्धवट तपासलेली प्रत देतात आणि छापून आलेल्या चुका मात्र छापखान्याच्या नावावर जातात. प्रूफाच्या खुणांची परंपरा तिथपासून अखंड दिसते, आता ब्रिटनमध्ये त्यासाठी बीएस ५२६१ आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ ५७७६ ही मानकं आहेत. खोडलेलं परत 'आहे तसं राहू द्या' असं सांगणारी, शब्दाखाली टिंबं देण्याची खूण स्क्रीनवर काम करणाऱ्यांना आता फारशी लागत नाही, कागदी प्रुफावर मात्र अजूनही लागते.

तिसऱ्या मताप्रमाणे ते मूळ प्रकाशकाच्या 'रीडर'मध्ये आहे, आणि जास्त पटण्यासारखं हेच. एकोणिसाव्या शतकात लंडनचे प्रकाशक आलेली हस्तलिखितं बाहेरच्या जाणकाराकडे पाठवायचे, तो घरी बसून वाचायचा, अभिप्राय लिहायचा, कधी लेखकाला भेटून सल्लाही द्यायचा. जॉर्ज मेरेडिथ हा कादंबरीकार १८६० च्या सुमारापासून चॅपमन अँड हॉल या प्रकाशनसंस्थेसाठी हे काम करत होता. १८६९ मध्ये त्याने तरुण थॉमस हार्डीला पहिली कादंबरी त्या रूपात छापू नको असं समजावलं आणि हार्डीने ती कधीच छापली नाही. पुढच्या पिढीतला एडवर्ड गार्नेट एकामागून एक अशा अनेक प्रकाशकांचा रीडर होता. डी. एच. लॉरेन्सची १९१३ ची कादंबरी त्याने साधारण दहा टक्के कापली, आणि लॉरेन्सने ती त्यालाच अर्पण केली. न कापलेला पाठ १९९२ मध्ये छापून आला तेव्हा गार्नेटने पुस्तक वाचवलं की दुबळं केलं हा वाद पुन्हा निघाला. संपूर्ण हस्तलिखिताच्या बांधणीबद्दल मत देणं आणि ते मालकाच्या छपराखाली न बसता देणं, या दोन्ही गोष्टी रीडरमध्ये सापडतात, करेक्टरमध्ये सहसा नाही. तरी पैसे प्रकाशकच द्यायचा, म्हणून लेखकाने स्वतः संपादक नेमायची आजची रीत काटेकोर अर्थाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलीच धरावी लागते. अमेरिकेत एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन १९७० मध्ये निघाली, कॅनडात अशीच संघटना १९७९ मध्ये, ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये (तिलाच पुढे सनद मिळाली आणि २०२० पासून ती चार्टर्ड इन्स्टिट्यूट झाली). २००७ नंतर किंडलमुळे लेखकाला स्वतःच पुस्तक काढता यायला लागलं आणि प्रकाशकाकडे होणारं संपादन लेखकाच्या खिशातून व्हायला लागलं.

पातळ्या : वरपासून खाली बघितलं तर आधी रचनात्मक संपादन, मग ओळीओळीचं, मग कॉपी एडिटिंग आणि सगळ्यात शेवटी मुद्रितशोधन म्हणजे प्रूफरीडिंग. रचनात्मक कामात प्रकरणांचा क्रम, पात्रं, युक्तिवाद, काय जास्त झालंय आणि काय राहिलंय हे बघतात, आणि बरेचदा फाइलला हात न लावता काही पानांचं सविस्तर पत्र देतात. ओळीओळीच्या संपादनात वाक्यांचा बाज आणि लय. कॉपी एडिटिंगमध्ये शुद्धलेखन, व्याकरण, सुसंगती, म्हणजे तिसऱ्या प्रकरणात धाकटी असलेली बहीण अकराव्यात थोरली झालीय का, सोमवारनंतर एकदम गुरुवार कसा आला, असल्या गोष्टी. प्रूफरीडिंग पानं लागल्यानंतरच, म्हणजे छपाईसाठी मांडणी झाल्यावरच, होतं. या नावांच्या हद्दी सगळीकडे सारख्या नाहीत, ब्रिटिश वापरात ओळीओळीचं काम बऱ्याचदा कॉपी एडिटिंगमध्येच धरतात, अमेरिकेत वेगळं मोजतात आणि वेगळं बिल करतात. त्यामुळे नुसतं 'एडिटिंग करून द्या' म्हणून काम दिलं की लेखकाला वाटतं गोष्ट सुधारून मिळेल आणि हातात येतात स्वल्पविराम. कुठली पातळी, हे आधी लिहून ठरवणं हाच त्यावर उपाय. क्रमही महत्त्वाचा, कारण रचना बदलायची असताना आधी प्रूफ तपासून घेतलं तर ते पैसे सरळ वाया जातात.

कामाची रीत : सुरुवातीला नमुना संपादन, काही पानांचं, फुकट किंवा थोड्या मोबदल्यात. त्यातून संपादकाला मजकुराची अवस्था कळते आणि लेखकाला संपादकाचा हात कळतो. नमुना वाचून आपला सूर टिकलाय का हे लेखकाने मोठ्याने वाचून बघावं, कानाला ते लगेच कळतं. पुढे संपादक ट्रॅक चेंजेस चालू ठेवून बदल करतो आणि जिथे स्वतः ठरवू नये तिथे समासात प्रश्न टाकतो. चांगला प्रश्न नेमका असतो, 'इथे आई म्हणजे सासू की सख्खी आई?' असा, 'हे कळत नाही' एवढाच नसतो. लेखक एकेक बदल स्वीकारतो किंवा नाकारतो, प्रश्नांना उत्तरं देतो, मग संपादक दुसरा हात फिरवतो. सगळे बदल एका क्लिकमध्ये स्वीकारायचा मोह बऱ्याच जणांना होतो, तो टाळलेला बरा. फाइल एका वेळी एकाकडेच असावी हा साधा नियम, तो मोडला की दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि जुळवत बसावं लागतं.

याबरोबर संपादक एक शैलीपत्रक ठेवतो, म्हणजे नावांची स्पेलिंगं, आकडे अक्षरात की अंकात, परभाषेतले शब्द कसे, असे घेतलेले सगळे निर्णय. इंग्रजीत त्याला शिकागो मॅन्युअल (पहिली आवृत्ती १९०६) किंवा ऑक्सफर्डचे हार्ट्स रूल्स (छापखान्याच्या अंतर्गत वापरासाठी १८९३) असा तयार आधार मिळतो. मराठीत १९६२ चे लेखनविषयक नियम आहेत पण ते प्रामुख्याने ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांबद्दल, त्यामुळे शैलीपत्रकावरचा भार वाढतो : संवादात 'केलं' आणि निवेदनात 'केले' ठेवायचं का, कवी पण कविमन, गुरू पण गुरुदक्षिणा हे पुस्तकभर पाळलं गेलंय का, वगैरे.

देवनागरीत आणखी एक अडचण येते जी डोळ्यांना दिसत नाही. 'वाऱ्यावर' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण शोधा-बदला चालवलं की एकच सापडतं आणि दुसरं तसंच राहतं. 'ॲ' चंही तेच, त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, स्वतंत्र जागा २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत मिळाली, त्याआधीच्या फायलींमध्ये आणि काही कीबोर्डवर आजही तो अ, जोडचिन्ह आणि वरचा चंद्र असा जोडून येतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात वेलांट्या आणि रफार जागा सोडतात ते वेगळंच. म्हणून अनुभवी संपादक वाचायला सुरुवात करण्याआधी फाइल एकसारखी करून घेतो, हा वेळ अंदाजपत्रकात धरलेला असावा.

मोबदला आणि करार : दर शब्दामागे, पानामागे, तासाप्रमाणे किंवा ठोक. पान म्हणजे सहसा २५० शब्द धरतात, फाइलमधलं पान नाही. करारात पातळी, किती फेऱ्या, तारखा, आगाऊ रक्कम, काम मध्येच थांबलं तर काय, आणि गोपनीयता एवढं यावं. हस्तलिखित एआय साधनात टाकायचं की नाही हेही आता लिहून घेतात, ते घ्यावंच.

मर्यादा : नेहमीच्या दुरुस्त्यांमुळे कॉपीराइट संपादकाकडे जात नाही, तो लेखकाचाच. सल्ला कुठे संपतो आणि सहलेखन कुठे सुरू होतं हे मात्र कठीण. नेहमी दिलं जाणारं उदाहरण अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं : त्याच्या १९८१ च्या कथासंग्रहाचं हस्तलिखित संपादक गॉर्डन लिशने निम्म्याहून जास्त कापलं, छपाई थांबवा म्हणून कार्व्हरने १९८० मध्ये त्याला कळवळून पत्र लिहिलं, तरी पुस्तक आलं आणि गाजलंही. मूळ पाठ कार्व्हरच्या मृत्यूनंतर २००९ मध्ये छापला गेला. लिश प्रकाशनसंस्थेचा संपादक होता, फ्रीलान्सरला एवढा अधिकार नसतो, पण नवखा लेखक दबून गेला तर परिणाम तोच होऊ शकतो. शैक्षणिक लेखनात रेघ जास्त स्पष्ट आहे, वैद्यकीय नियतकालिकांच्या आयसीएमजेई नियमांनुसार फक्त भाषा सुधारणारा किंवा प्रूफ बघणारा लेखकांच्या यादीत येत नाही, त्याचं नाव ऋणनिर्देशात देतात. विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं संपादन करायचं असेल तर मार्गदर्शकाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि काम भाषेपुरतंच ठेवावं.