किडनीच्या धमन्यांमधले फरक

किडनीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या म्हणजे रीनल आर्टरी, यांची संख्या, निघायची जागा अन् फाटे फुटायची तऱ्हा माणसागणिक बदलते, त्याबद्दलची ही नोंद. पुस्तकातलं चित्र सोपं आहे: पोटातल्या महाधमनीतून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीला दोन्हीकडे एकेक धमनी निघते, उजवी जरा लांब असते अन् मोठ्या शिरेच्या (इन्फिरियर व्हेना केव्हा) मागून जाते. पण नागपुरात मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी कॉलेजांच्या डिसेक्शन हॉलमध्ये (जिथे मृतदेह उघडून शिकतात) पहिल्या वर्षाचे पोट्टे पुस्तक उघडून शोधायला लागले की एकाच किडनीला दोन नळ्या सापडतात, कधी तीनही, अन् त्यात नवल काही नाही कारण साधारण २५ ते ३० टक्के लोकांत निदान एका बाजूला एकापेक्षा जास्त धमन्या असतात.

कारण गर्भातलं आहे. किडनी तयार होते ओटीपोटात, मग सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर सरकत जाते, अन् जाताना जवळच्या रक्तवाहिनीतून रक्त घेत जाते, आधी इलियॅक म्हणजे ओटीपोटातल्या धमन्यांतून, मग महाधमनीच्या वरवरच्या फांद्यांतून. वरची नवी नळी मिळाली की खालची जुनी विरून जायला पाहिजे, एखादी तशीच राहून गेली की ती झाली जास्तीची धमनी. काही धमन्या मुख्य धमनीसोबत किडनीच्या खोबणीतूनच आत शिरतात, काही सरळ वरच्या नाहीतर खालच्या टोकाला घुसतात, त्यांना पोलर म्हणतात. तिसरा प्रकार म्हणजे धमनी एकच, पण महाधमनीतून निघाल्यावर दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच तिला फाटा फुटतो.

आता जास्तीची म्हटलं की लोकांना ती स्टेपनी वाटते, तसं बिलकुल नाही. किडनीचे पाच भाग असतात अन् प्रत्येक भागाची धमनी स्वतंत्र, आपसात जोड नाही. संत्र्याच्या बागेत ठिबकची एक नळी तुंबली तर तिच्यावरचीच झाडं सुकतात, शेजारच्या नळीचं पाणी त्यांना मिळत नाही, तसंच हे. ती धमनी कापली की तेवढा तुकडा मेला.

याचा खरा कस लागतो ट्रान्सप्लांटच्या वेळी. दाता आई असो की भाऊ, आधी सीटी अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन होतो अन् रिपोर्टमध्ये 'राइट साइड टू रीनल आर्टरीज' असं दिसलं की घरचे घाबरून जातात, किडनी खराब आहे का हो म्हणून विचारतात. खराब नसते, जोडायला वेळ जास्त लागतो एवढंच. मेंदूमृत दात्याकडून घेताना महाधमनीचा लहान तुकडाच धमन्यांच्या तोंडासकट काढता येतो, जिवंत दात्याची महाधमनी अशी कापता येत नाही, म्हणून किडनी बर्फात ठेवून टेबलावरच दोन तोंडं आपसात शिवून एक करतात, नाहीतर बारीक धमनी पोटाच्या भिंतीतल्या इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक धमनीला जोडतात. वरच्या टोकाची अगदीच बारीक असली तर सर्जन बांधूनही टाकतात. खालच्या टोकाची मात्र शक्यतो सोडत नाहीत, कारण मूत्रवाहिनीच्या वरच्या भागाला रक्त बरेचदा तिच्यातूनच जाते अन् ते बंद झालं की नळी सडून लघवी गळायला लागते. फाटा लवकर फुटणारी धमनीही तितकीच त्रासाची: नळी एकच दिसते पण कापायला जागा अपुरी पडली की हातात दोन तोंडं येतात.

ट्रान्सप्लांट सोडलं तर बहुतेकांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही. अपवाद खालच्या टोकाकडे जाणाऱ्या धमनीचा, ती मूत्रवाहिनी जिथे सुरू होते तिथे समोरून आडवी गेली तर लघवीचा रस्ता दाबला जाऊ शकतो, किडनी फुगते, कमरेत दुखून राहते, भरपूर पाणी प्यायलं की जास्तच. ऑपरेशनमध्ये ती धमनी कापत नाहीत, मूत्रवाहिनी कापून धमनीच्या पुढून परत जोडतात.

घोड्याच्या नालेसारख्या जुळलेल्या किडनीत तर सगळाच हिशोब वेगळा, ती वर चढताना इन्फिरियर मेसेंटेरिक धमनीखाली (महाधमनीतून आतड्याकडे जाणारी फांदी) अडकते अन् महाधमनी, इलियॅक, जिथून जमेल तिथून रक्त घेते.