लाव्हा ट्यूब गुहा : खानदेश

पातळ लाव्हा उतारावरून वाहत असताना त्याची वरची साय गार होऊन कडक होते, आतला रस मात्र तसाच पुढे पळत राहतो, आणि मागून येणारा पुरवठा तुटून आतला लाव्हा निचरून गेला की जे भुयार उरतं ती लाव्हा ट्यूब. वरचं दगडी कवच उष्णता धरून ठेवतं, हवाई बेटांवरच्या मोजमापांत वितळलेल्या लाव्हाचं तापमान किलोमीटरमागे जेमतेम १ अंशाने उतरलेलं दिसतं, म्हणून तो इतक्या लांब जातो. तिथली काझुमुरा गुहा ६५ किमीच्या वर भरते. पोराबाळांना घेऊन जायला तिथलीच नाहुकू, किंवा अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सजवळच्या एप केव्हचा खालचा भाग सोपा आहे. एप केव्हच्या वरच्या भागात मात्र दगडांचे ढीग चढावे लागतात.

खानदेशात अशा ट्यूब सापडतील का, हा प्रश्न वेगळा आहे. धुळे, नंदुरबार आणि जळगावचा बराचसा डोंगराळ भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात पोकळ ट्यूब शाबूत राहणं अवघडच, कारण एका थरावर दुसरा थर चढत गेला, पोकळ्या दबल्या किंवा नंतरच्या लाव्हाने भरल्या. २००० नंतरच्या काही वर्षांत मात्र असं मत पुढे आलं की दख्खनमधल्या काही लांब, वळणदार दगडी रांगा म्हणजे लाव्हा वाहून नेणाऱ्या नळ्यांचे आणि पाटांचे भरलेले साचेच आहेत. त्यावर दुसऱ्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, त्यांच्या मते नुसत्या आकारावरून ट्यूब ठरवता येत नाही, आणि इथला बराच लाव्हा छोट्या छोट्या जिभांनी पसरत, आतून फुगत वाढलेला आहे. दोन्ही बाजू वाचल्यावर, निदान खानदेशपुरतं तरी आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं.

कारण इथे डाईक फार आहेत. डाईक म्हणजे जमिनीच्या भेगेत खालून घुसून तिथेच थिजलेला लाव्हा. आजूबाजूचा मऊ दगड झिजला की तो शेताच्या मधून गेलेल्या काळ्या भिंतीसारखा उभा राहतो. नंदुरबार-धुळे पट्ट्यात असे दोनशेच्या वर डाईक मोजलेत, सगळ्यात लांब सुमारे ७९ किमीचा. साक्रीकडून जाताना गाडीतून दिसणाऱ्या या भिंतींना कुणी ट्यूब म्हणालं तर थांबून जवळ जावं. डाईक थर कापत सरळ वर येतो, ट्यूब थराच्या आत उताराला धरून जाते. डाईकमधले दगडी खांब आडवे पडलेले असतात, लाकडाची मोळी रचल्यासारखे, कारण तो दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून गार होत आला. भरलेल्या ट्यूबच्या कापात भेगा मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघतात, आणि हवेच्या बुडबुड्यांची भोकं गोल कड्यांत लागलेली दिसू शकतात. डाईकच्या कडेला हात फिरवला तर दगड गुळगुळीत, बारीक दाण्याचा लागतो, मध्यावर तोच खरबरीत होतो. एवढं लहान पोरालाही बोटांनी कळतं आणि ते कळल्यावरचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

खानदेशात ज्यांना सरसकट गुहा म्हणतात त्या पुष्कळदा कोरलेल्या असतात. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या वर कन्हेरगडावर नागार्जुन, सीता न्हाणी आणि शृंगार चावडी आहेत, ही सगळी लेणीच, छिन्नीचं काम. पितळखोऱ्याची लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासची धरतात, तिथला दगड कच्चा असल्याने पडझड खूप. याशिवाय दोन लाव्हांच्या मधे तांबड्या मातीचा मऊ थर असतो, पाण्याने तो खालून पोखरला की वरचा दगड छतासारखा राहतो आणि छान कपार तयार होते, हिलाही हल्ली लोक ट्यूब म्हणतात. तापीच्या काठाला तर लाव्हा गाळाच्या जाड थराखाली गेलेला, तिथे शोधायला काही उरत नाही.

घरच्यांना घेऊन फिरायला पाटणादेवीचा परिसर बरा, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा पोरांना नेऊच नये. हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून पुढे जावं. कपारीत शिरण्याआधी वर आग्या मोहोळ नाही ना ते बघावं, वटवाघळं असतील तर आत टॉर्च मारत बसू नये, माणशी एक टॉर्च आणि वर एखादी जादा ठेवावी. दुपारी पाण्याजवळ सावलीत बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा. बेसाल्टच्या भोकांत चमकणारे पांढरे झिओलाइटचे खडे दिसतात, लाव्हा गार झाल्यावर त्या भोकांमधून झिरपलेल्या पाण्यातून ते जमलेत, पोरं हमखास फोडून घ्यायला बघतात, त्यांना तिथेच बसवून भिंगातून दाखवावेत.