ॲप विचारतंय की नुसतं दाखवतंय?

रात्री साडेदहाला मावसबहिणीचा मेसेज. "दादा जर्मनसाठी कुठलं ॲप बेस्ट, पटकन सांग, उद्यापासून सुरू करतेय." ती परळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, राहते भांडुपला, आणि जर्मनीत नर्सेस हव्यात हे कळल्यापासून तिच्या वॉर्डातल्या पोरींमध्ये दुसरा विषय नाही. मला विचारायचं कारण एवढंच की मध्यंतरी सात महिने मी रोज न चुकता फोनवर जर्मन शिकत होतो आणि घरी येईल त्याला स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस झाले तो आकडा, दाखवत बसायचो. त्या सात महिन्यांचं पुढे काय झालं ते मात्र घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

झालं असं, आमच्या अंधेरीच्या ऑफिसात जर्मनीहून एक इंजिनियर आला होता, मीटिंग रूमला कुलूप, आणि हा बिचारा बाहेर उभा. म्हटलं आता इंप्रेशन मारू. "किल्ली वॉचमनकडे आहे" एवढंच सांगायचं होतं. किल्ली हा शब्द ॲपवर शंभरदा तरी बरोबर टॅप केला असेल, पण तोंडात काही येईना, शेवटी हवेत किल्ली फिरवून दाखवली आणि खाली बोट केलं. संध्याकाळी स्टेशनच्या ब्रिजवर गर्दीत अडकलो असताना आपोआप आठवला, श्ल्युसल! तेव्हा काय उपयोग.

माझी मेमरी तशी ठीक आहे हो. ॲपवर प्रत्येक वेळी चार पर्याय समोर यायचे आणि मी त्यातला ओळखीचा उचलायचो, इथेच सगळी गोम होती. ओळखणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. प्लॅटफॉर्मवर रोज दिसणारा माणूस चेहऱ्याने पक्का ओळखीचा असतो पण नाव विचारलं की बोंब, तसंच हे. बोलताना समोर पर्याय येत नाहीत, शब्द आतूनच काढावा लागतो, आणि आतून काढायची सवय आतून काढूनच लागते.

यावर एक भारी प्रयोग आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली 'सायन्स' मासिकात तो छापला. कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसकट शिकवले. काही मुलांची सगळ्या शब्दांवर पुन्हा पुन्हा टेस्ट घेतली, आणि काहींना एखादा शब्द एकदा बरोबर आला की त्यावर परत विचारलंच नाही, मग भले तो शब्द पुढे वाचायला देत राहिले. आठवड्याने सगळ्यांची परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा टेस्ट दिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले आणि दुसऱ्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. मला जास्त मजा वाटली ती पुढच्या गोष्टीची, त्या मुलांना आधीच विचारलं होतं की आठवड्याने किती आठवेल असं वाटतं, तर सगळ्या गटांनी निम्मे निम्मे असंच सांगितलं. म्हणजे आपलं शिकणं नीट चाललंय की नाही हे आपलं आपल्याला कळतच नाही! त्यामुळे "मला ते ॲप खूप छान वाटतं" या वाक्यावर माझा तरी आता विश्वास राहिलेला नाही, आणि प्ले स्टोअरवरचे स्टार म्हणजे तेच वाक्य हजारो लोकांनी म्हटलेलं.

म्हणून ॲप डाउनलोड केलं की पहिल्या दहा मिनिटांत मी एकच बघतो, हे मला विचारतंय की नुसतं दाखवतंय? मराठी शब्द देऊन जर्मन टाइप करायला किंवा बोलायला लावत असेल तर ठेवायचं. कायम चित्रं जुळवा, पर्याय निवडा, तयार शब्दांच्या चिठ्ठ्या ओळीत लावा एवढंच असेल तर टाइमपास म्हणून ठीक. त्यानेही थोडं येतं, शून्य नाही, पण वेळेच्या मानाने फार कमी.

दुसरी गोष्ट, परत कधी विचारतं. १८८५ साली हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचं, वर्षानुवर्षं हेच. त्यातून दिसलं की विसरणं सुरुवातीला धाडकन होतं आणि मग हळूहळू, आणि एकाच दिवशी घोकण्यापेक्षा तीच उजळणी दिवसांमध्ये वाटली तर जास्त टिकते. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने यावरून पुठ्ठ्याच्या खोक्याची युक्ती काढली, येणारं कार्ड मागच्या कप्प्यात जातं आणि उशिरा समोर येतं, चुकलेलं परत पहिल्या कप्प्यात. पुढे पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने १९८७ मध्ये हेच कॉम्प्युटरवर आणलं, सुपरमेमो. २००६ मध्ये आलेलं अँकी त्याच घराण्यातलं, नावसुद्धा जपानी, अर्थ पाठांतर. दिसायला अँकी म्हणजे सरकारी फॉर्म, पण अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे (आयफोनवर पैसे पडतात) आणि कार्ड आपली आपण बनवता येतात, हे फार मोलाचं.

बरं, किती दिवसांनी उजळणी करायची तर ते किती काळ लक्षात ठेवायचंय त्यावर आहे. २००८ साली निकोलस सेपेडा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारावर लोकांवर हे तपासलं. आठवडाभर टिकवायचं असेल तर एकदोन दिवसांनी उजळणी बरी, वर्षभर टिकवायचं तर तीनेक आठवड्यांची गॅप जास्त चांगली ठरली. तीन आठवड्यांनी शब्द समोर आला की "अरे हा काय होता" असं डोकं खाजवावं लागतं ना, तीच मेहनत कामाला येते. सगळं पटापट आठवतंय म्हणजे उजळणी फार लवकर होतेय. स्ट्रीक तर हे काही मोजतच नाही, रोज एखादा तरी धडा केला का एवढंच मोजतो, आणि तो तुटेल या धसक्याने मी कित्येकदा रात्री पावणेबाराला सर्वात सोपा धडा करून मोकळा व्हायचो. हातातलं जाण्याचं दुःख मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं, हे कानमन आणि ट्वर्स्की हे मानसशास्त्रज्ञ १९७९ मध्येच लिहून गेलेत, ॲपवाल्यांनी ते आपल्यावर नीट वापरलं.

आता लोकलचं. मुंबईत भाषा शिकणारा माणूस ती लोकलमध्येच शिकणार, दुसरा वेळ आहे कुठे. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन, कुणाची तरी बॅग पाठीत. १९९६ साली फर्गस क्रेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लक्ष विभागलेलं असताना नवीन गोष्ट शिकली तर ती नंतर बरीच कमी आठवते, पण आधी शिकलेलं आठवून काढताना लक्ष विभागलं तर तेवढं नुकसान होत नाही. यातून मी काढलेला अर्थ असा की नवे शब्द घरी, शांतपणे, दहा मिनिटं, आणि गाडीत फक्त उजळणी. आणि ॲप नेटशिवाय चालायला हवं, हे वेगळं सांगायला नको. मोठ्याने बोललेले शब्द मनात वाचलेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात हेही प्रयोगांत दिसलंय, त्यामुळे जमलं तर तोंडाने पुटपुटायचं. लाज कसली, त्याच डब्यात भजनी मंडळ टाळ घेऊन गातं.

उच्चारांचं प्रकरण जरा वेगळं आहे. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात बाळांवर एक प्रयोग केला आणि त्यात आवाज वापरले चक्क आपल्या हिंदीतले ट आणि त! इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती, पण दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांची ती क्षमता गेली, कारण त्यांच्या भाषेत त्या फरकाला काही कामच नाही. आपलंही तेच झालेलं असतं, दुसऱ्या आवाजांबाबत. पण मोठेपणी कान परत तयार करता येतो. १९९१ च्या सुमारास अमेरिकेत जपानी लोकांना र आणि ल मधला फरक ऐकायला शिकवला, आणि त्यातली युक्ती म्हणजे एकच आवाज ऐकवायचा नाही, बरीच माणसं, बरेच शब्द. म्हणून ज्या ॲपमध्ये एकच गोड बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलते ते मला संशयास्पद वाटतं. आणि बोलून घेणारं ॲप असेल तर एक खोडसाळपणा करून बघा, वाक्य मुद्दाम चुकीचं बोला. तरीही हिरवी टिक आली तर काय समजायचं ते समजा.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते. बहुतेक ॲप आपल्याला इंग्रजीतून शिकवतात, आणि इंग्रजीतून गेलं की सोप्या गोष्टीही अवघड होऊन बसतात. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, डेअर, डी, डास, हे ॲप असं सांगतं जणू आभाळ कोसळलं. अहो आपण जन्मापासून तो, ती, ते करतोय! (कुठल्या वस्तूला कुठलं लिंग हे पाठच करावं लागतं, तिथे सुटका नाही.) ॲपमध्ये 'यू' म्हटलं की जर्मनचं 'डू' घ्यायचं का 'झी' हे कळत नाही, मराठीत तू आणि तुम्ही लिहिलं की प्रश्न मिटला, आणि नर्सने पेशंटला तू म्हणून चालणार नाही. जर्मनमध्ये वेळेला 'त्साइट' म्हणतात, इंग्रजीवाले त्या पहिल्या आवाजाशी झगडतात, आपल्याकडे तो चमच्यातला च. जपानीत तर क्रियापद शेवटी, 'तोक्यो नि' म्हणजे टोकियोला, प्रत्यय आपल्यासारखाच मागे. अमेरिकन परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी जपानीला स्पॅनिशच्या साधारण तिप्पट तास धरतं, पण ते इंग्रजी माणसाचं गणित. त्यामुळे तयार डेक, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेण्यापेक्षा कार्डाच्या एका बाजूला मराठी लिहा. वेळ जातो, पण बनवतानाच निम्मं पाठ होतं.

तासांवरून आठवलं, रोज पंधरा मिनिटं म्हणजे वर्षाला जेमतेम ९० तास. आणि बहिणीला जर्मनची जी परीक्षा द्यायचीय त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि माणसासमोर बसून बोलणं असे चार भाग असतात. जपानीच्या जेएलपीटी नावाच्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, तिथे ॲपवर बरंच निभतं, जर्मनला नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं, समोर बसून खेळणाऱ्या बाईकडून ती शिकली, त्याच गोष्टी टीव्हीवर दाखवल्या तर काहीच नाही. आपण बाळं नाही हे मान्य, पण तरी मी तिला सांगितलं की काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा दुसरीकडे कुठे तरी क्लास लाव, ॲप त्याच्या जोडीला. (मॅक्स म्युलर, संस्कृतचा तो जर्मन पंडित, स्वतः भारतात कधीच आला नव्हता, संस्कृत तिकडेच बसून शिकला. आणि तेही ॲपशिवाय.)

तिने अँकी घेतलं, दोन दिवस "किती बोअर दिसतं हे" म्हणून माझं डोकं खाल्लं, मग तिसऱ्या दिवसापासून रोज दहा कार्डं. समोर मराठी, मागे जर्मन. श्ल्युसलची गोष्टही शेवटी सांगून टाकली, हसून हसून लोळली. परवा सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे गाडीचा खडखडाट, "पुढील स्टेशन घाटकोपर", आणि त्यावरून हिचा आवाज, "डेअर श्ल्युसल इस्ट बाइम वाखमान. दादा, वॉचमनला जर्मनमध्ये वाखमानच म्हणतात, अर्धं वाक्य तर तुला येतच होतं!"